चार बोटं म्हणजे एक कोस

आमच्या घरात जवसाचं तेल दोन जागी असायचं. एक बुधली चुलीजवळ, तिच्यातलं तेल आई चटणीवर ओतायची. आणि एक पत्र्याचा डबा ओसरीवर, त्यातलं तेल बाबा रंगात कालवायचे. त्यामुळे स्वयंपाकाचा वास कुठं संपतो आणि रंगाचा कुठून सुरू होतो, हे मला लहानपणी कधी नीट कळलं नाही. भाकरीच्या कडेला निळा किंवा लाल ठिपका दिसला की आई तेवढा तुकडा मोडून बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "आज कोन्या दुकानाची पाटी खाऊन राह्यलो आपन?" बाबा मान खाली घालून हसायचे. सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा, दिवसभर जंक्शनवरून येणारी डबे जोडल्याची धडधड, आणि या दोहोंच्या मध्ये बाबांचा ब्रश डब्याच्या काठावर निथळल्याची टकटक, एवढ्या आवाजांत मी वाढलो. वर्ध्याबाहेर कुठं मुक्कामाला गेलो की मला झोप लागायची नाही.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. पण अक्षर असं की अडत्यांनी आपल्या नावाच्या पाट्या दुसऱ्या कुणाकडून कधी करून घेतल्या नाहीत. शिडीवर चढले की ते बारका ब्रश दातांत आडवा धरायचे. अशा वेळी त्यांना काही विचारलं तर नुसती मान हलायची. ती सवय पुढे मलाही लागली. शेजारच्या अनसूयामावशी आम्हा दोघांना पाहून म्हणायच्या, "बापलेक दोघंई मुके झाले का वं, वहिनी?" या मावशी नात्यानं आमच्या कुणी नव्हत्या. एसटी स्टँडच्या फाटकाजवळ त्या भाजी विकायच्या. कोथिंबीर, वांगी, पावसाळ्यात अंबाडी. आईला विषमज्वर झाला तेव्हा महिनाभर मी त्यांच्याच घरी जेवलो. त्यांच्या हातचा गोळाभात, वरून कडकडीत फोडणी, आणि "अजून घे, तुह्या मायनं मले बोल लावला नाई पाह्यजे," हे त्यांचं वाक्य. हे सगळं आधी सांगतो आहे, कारण पुढं जे लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दलचं आहे. ते टाळण्यासाठी मी अजून बराच वेळ चटणी आणि भोंग्यावर घालवू शकेन, याची मला कल्पना आहे.

स्टँडच्या मोठ्या भिंतीवर पहिला नकाशा बाबांनी काढला. तिथले कंट्रोलर साहेब एक दिवस ओसरीवर येऊन बसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "लोक दिवसभर विचारून विचारून माह्यं डोकं खाते, पेंटर. कोन्ती गाडी कुठं जाते, किती लांब जाते, सारं भिंतीवर मांडून दे एकदाचं." बाबांनी नकाशा म्हणून जी वस्तू असते ती कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही. ते पंधरा दिवस ड्रायव्हरच्या शेजारी बसून सगळ्या रस्त्यांनी फिरले आणि वहीत वळणं लिहून आणली. मग त्यांनी एक माप ठरवलं. भिंतीवर पंजा आडवा टेकवायचा, अंगठा सोडून. चार बोटं म्हणजे एक कोस. रस्ता जसा वळतो तसा त्यांनी तो वळवला. पवनारचा पूल काढला, रेल्वेचं फाटक काढलं, नद्या निळ्या काढल्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गावाच्या नावाशेजारी त्या गावची खूण काढली: कुठं चिंच, कुठं विहीर, कुठं जिनची चिमणी.

लोकांनी तो नकाशा हातांनी वाचायला सुरुवात केली. म्हातारी माणसं भिंतीपाशी येत, वर्ध्याच्या ठिपक्यावर पंजा टेकवत, मग त्याला लागून दुसरा, मग पुन्हा पहिला, असं कापड मोजल्यासारखं मोजत आपल्या गावापर्यंत जात. "पाच कोस," म्हणत आणि समाधानानं बाकावर बसत. वर्षाभरात देवळीच्या रस्त्यावर हातांचा एक तेलकट, तपकिरी पट्टा उमटला. दिवाळीच्या आधी बाबा नकाशावर नवा हात मारायचे, पण तो पट्टा पुसायचे नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "राहू दे. लोकायच्या हाताचा रस्ता आहे तो."

मला त्या पट्ट्याची लाज वाटायची.

एकोणिसाव्या वर्षी मी चित्रकलेच्या परीक्षा देऊन बसलो होतो आणि बाबांपेक्षा आपल्याला जास्त कळतं याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. वाचनालयात एक जुनं परदेशी मासिक हाती लागलं. त्यात एका मोठ्या शहरातल्या भुयारी रेल्वेचा नकाशा छापला होता. मी तो पाहिला आणि बराच वेळ पान उलटवू शकलो नाही. सगळे मार्ग सरळ रेघांत. वळायचंच असेल तर ठरावीक तिरक्या कोनात. प्रत्येक मार्गाला आपला रंग, आणि स्टेशनं सारख्या अंतरावर, माळेतल्या मण्यांसारखी. जमिनीवर काय आहे याच्याशी त्या नकाशाला काही देणंघेणं नव्हतं. गाडीत बसलेल्या माणसाला वळणं कळतच नाहीत. त्याला एवढंच हवं असतं, की कुठल्या गाडीत बसू, माझ्या आधी कुठलं स्टेशन येईल आणि गाडी कुठं बदलू. हे मला त्या एका पानावरून कळलं. आणि हे खरं आहे, असं मी आजही म्हणतो. पुढं मी नगररचनेच्या कचेरीत आरेखक म्हणून आयुष्य काढलं, शेकडो नकाशे काढले. आता नागपूरला मुलाकडे गेलो की मेट्रोच्या दारावरची सरळ रेघ आणि सारख्या अंतरावरचे ठिपके पाहत उभा राहतो. नातू विचारतो, "आजोबा, काय बघता?" मी म्हणतो, "काही नाही. छान काढलंय."

बाबांच्या नकाशाचे रंग तोवर विटले होते आणि नव्या गाड्या सुरू झाल्या होत्या. मी कागदावर माझा नमुना काढून कंट्रोलर साहेबांना दाखवला. त्यांना तो फार आवडला. बाबांनी कागद हातात घेऊन खूप वेळ पाहिला. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "नदी कुठं गेली, परभा?"

"नदीतून बस जात नाही, बाबा. उगाच गर्दी होते."

"बस नाई जात," बाबा म्हणाले. "मानसं जाते." मग त्यांनी कागद परत दिला. "तुले पटते ना? मंग काढ. भिंत तुही."

मी त्यांच्या नकाशावर पांढरा रंग मारला. पहिला हात वाळल्यावर खालून नदी निळसर दिसतच राहिली. मी दुसरा हात मारला, मग तिसरा.

नवा नकाशा चांगला झाला, यात खोटं काही नाही. लाल, हिरवी, पिवळी आणि काळी, अशा चार रेघा. गाड्यांच्या काचेवरही मी त्या त्या रंगाची पट्टी ओढून दिली. पंधरा दिवसांत लोक रंगांनी बोलू लागले. "हिरवी गेली का हो?" "लाल कितीले आहे?" ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं ते न विचारता बरोबर गाडीत चढू लागले. कंट्रोलर साहेबांनी मला समोरच्या टपरीवर बसवून तर्रीपोहे खाऊ घातले आणि स्टँडवर सगळ्यांना सांगितलं, "हा पाहा, पेंटरचा पोरगा. शहरातलं डोकं आहे."

पण लोकांचे हात थांबले नव्हते. तिसऱ्याच दिवशी मी पाहिलं, एका शेतकऱ्यानं माझ्या हिरव्या रेघेवर पंजा टेकवला आणि देवळीपर्यंत मोजलं. सारख्या अंतराच्या हट्टापायी पाच कोसांची देवळी माझ्या भिंतीवर दोन पंजांवर आली होती. तो मागे वळून ओरडला, "पेंटरच्या पोट्ट्यानं देवळी जवळ आनली रे, बाप्पा! आता तिकीट बी कमी करा!" सगळे हसले. मीही हसलो. खाली 'हा नकाशा मोजायचा नाही' अशी एक ओळ लिहावी, किंवा गावाशेजारी कोसांचे आकडे टाकावेत, हे तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. पण त्यानं पांढरी जागा बिघडली असती. मी लिहिलं नाही.

भाद्रपदातली गोष्ट. विभागाचे मोठे साहेब नकाशा पाहायला येणार होते. पसंत पडला तर जिल्ह्यातल्या सगळ्या स्टँडवर तो काढायचं काम मला मिळणार होतं. त्या दिवशी मी बाराच्या सुमारास शिडीवर होतो, कोपऱ्यातल्या एका अक्षराला शेवटचा हात देत. खाली मोठे साहेब, कंट्रोलर साहेब आणि दोनचार माणसं उभी होती. मोठे साहेब म्हणाले, "एकदम साफ. लहान मुलालाही समजेल." हे शब्द मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतात.

तेवढ्यात हिरवी गाडी स्टँडवर आली आणि तिच्या कंडक्टरनं उतरता उतरता फाटकाकडे हाक मारली, "अनसूयाबाई! टेंभरीवरून तुमच्या भावाचा निरोप आहे. मायची तब्येत बरी नाई. लवकर या म्हने." त्या काळी निरोप असेच यायचे. मावशींचा भाऊ गेल्या उन्हाळ्यातच सालदारकीसाठी, वर्षाच्या बोलीवर शेतात राबायला, टेंभरीला राहायला गेला होता आणि म्हातारीला बरोबर घेऊन गेला होता. मावशी त्या गावाला कधी गेलेल्या नव्हत्या. भाजीची टोपली तशीच टाकून त्या धावत आल्या. "वापस कधी जाते ही?" त्यांनी विचारलं.

"तीनले," कंडक्टर म्हणाला आणि कॅन्टीनकडे गेला.

तीन वाजेपर्यंत बसून राहणं त्यांना शक्य नव्हतं. त्या नकाशापाशी आल्या, माझ्या शिडीच्या अगदी पायथ्याशी. वाचता येत नव्हतं, पण हिरव्या रेघेच्या टोकाला टेंभरी हे त्यांनी आधी कुणाकडून तरी समजून घेतलेलं असावं. तिथं त्यांनी बोट ठेवलं. शेजारून लाल रेघ खाली उतरत होती. तिच्या टोकाला निंबोली. तिकिटाच्या खिडकीमुळे त्या बाजूला भिंत कमी होती, म्हणून मी लाल रेघ काटकोनात वळवून हिरवीच्या बरोबरीनं खाली आणली होती. दिसायला ती जागा फार सुरेख झाली होती. दोन टोकं एकमेकांशेजारी, दोन कर्णफुलांसारखी.

मावशींनी दोन्ही ठिपक्यांच्या मध्ये पंजा टेकवला. बरोबर एकदाच बसला. मग त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. मागे लाल गाडी सुरू होऊन घरघरत होती.

"परभा, मी लालवर गेली न् निंबोलीले उतरली, तं तिथून टेंभरी एकच कोस ना रे?"

मला ठाऊक होतं. नेमकं किती ते नाही, पण एक कोस नाही हे पक्कं ठाऊक होतं. मध्ये यशोदा नदी आहे हेही ठाऊक होतं. बाबांच्या नकाशावर ती तिथंच होती आणि मीच तिच्यावर तीन हात मारले होते. खाली मोठे साहेब मान वर करून माझ्याकडे पाहत होते. आता मी काय सांगायचं? की मावशी, या भिंतीवर हात टेकवू नका, हा नकाशा मोजायचा नाही? एका क्षणात सांगून झालं असतं.

मी मान हलवली. होकाराची.

"बरं झालं बाप्पा," मावशी म्हणाल्या आणि लाल गाडीकडे धावल्या. चढताना त्यांची चप्पल निसटली, कुणीतरी ती आत फेकली. गाडी गेली. मोठे साहेब म्हणाले, "पाहा, बाई स्वतःच समजून गेली."

पुढचं मला मावशींच्याच तोंडून कळलं. तेरावा करून त्या परत आल्या आणि आमच्या ओसरीवर आईपाशी बसल्या. मी आत भाकर खात होतो, बाबा माझ्या शेजारी. मावशी रडत नव्हत्या; झालेलं सगळं क्रमानं सांगत होत्या. निंबोलीला उतरल्या, टेंभरीचा रस्ता विचारला, तर लोक त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. टेंभरी नदीपलीकडे, पाच कोस. नदीपर्यंत चालत गेल्या. यशोदा दुथडी भरलेली, डोंगा झाडाला बांधलेला, डोंगेवाला नाही म्हणाला. पुलावरून जायचं तर नऊ कोस, आणि निंबोलीहून परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. एका अनोळखी घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी टेंभरीला पोचल्या. म्हातारी आदल्या दिवशी दिवेलागणीला गेली होती. लेक येईल म्हणून सकाळी दहापर्यंत थांबले होते लोक. मग नाही थांबले.

"अनसूया आली का, अनसूया आली का, असंच करून राह्यली होती म्हने सांजपर्यंत," मावशी म्हणाल्या. "तीनच्या गाडीनं गेली असती तं पाच वाजता पोचली असती मी. तोंड पाह्यलं असतं तिचं."

"पन तुमी निंबोलीले काऊन उतरल्या?" आईनं विचारलं.

मी घास तोंडात धरून बसलो. आता माझं नाव येईल.

"माह्या हाताचंच चुकलं, वहिनी," मावशी म्हणाल्या. "भिंतीवर मोजलं मी. घाईत चुकला हात."

बाबांनी भाकर ताटात ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. हात धुऊन ओसरीवर गेले आणि डबे हलवू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनचा भोंगा व्हायच्या आत त्यांनी मला उठवलं. शिडी त्यांच्या खांद्यावर होती, निळ्या रंगाचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. स्टँडवर कंट्रोलर साहेब कुरकुरले, "अरे, चांगलं दिसते ते, बिघडवता कायले?" बाबा म्हणाले, "साहेब, एक बाई नदीवर जाऊन बसली होती. आमच्या भिंतीमुळं." मग मला म्हणाले, "नदी काढ. जिथं आहे तिथं."

मी काढली. माझ्या सरळ रेघांच्या मधून यशोदा वेडीवाकडी खाली आली. निंबोली आणि टेंभरीच्या मध्ये मी ती मुद्दाम रुंद केली आणि तिच्यात एक डोंगा काढला. मग प्रत्येक गावाशेजारी पंजाची लहानशी खूण आणि पुढं कोसांच्या तेवढ्या उभ्या रेघा, वाचता न येणाऱ्यालाही मोजता याव्यात अशा. दुपार झाली. रेघांचा रंग तसाच राहिला, लोक अजूनही लाल-हिरवीच म्हणत होते. नकाशा कुरूप झाला होता आणि आता त्यात चुकायला जागा उरली नव्हती. इतर स्टँडचं काम मला मिळालं नाही. त्याचं वाईटही वाटलं नाही, एवढं मात्र मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

बाबा चहाला गेले होते तेव्हा मावशी आल्या. टोपली फाटकाशी ठेवून त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मी शिडीच्या खालच्या पायरीवर होतो. त्यांनी निळ्या रंगावर बोट ठेवलं. तो ओला होता, बोटाचा ठसा उमटला. एरवी मी असा डाग क्षणभर राहू दिला नसता. तो मी तसाच ठेवला, आणि पुढे भिंतीला चुना लागेपर्यंत तो तिथं होता.

"ही अगुदर नोती ना इथं?" त्या म्हणाल्या.

"नव्हती, मावशी."

"मले वाटलंच." त्यांनी बोट पदराला पुसलं. मग भिंतीकडेच पाहत, हळू आवाजात म्हणाल्या, "तू मान हालवली होती, परभा."

म्हणजे त्यांना आठवत होतं. आमच्या ओसरीवर बसून, बाबा आत जेवत आहेत हे ठाऊक असताना, त्यांनी तो दोष स्वतःच्या हातावर घेतला होता. मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी मला बोलू दिलं नाही. की मला वाचवलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"तुह्या तोंडात ब्रश होता," त्या म्हणाल्या. "तुमी बापलेक असेच. ब्रश दातात असला का कोनालेई मान हालवता. तू आयकलंच नसन बराबर. हो ना?"

त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना ते उत्तर हवं होतं, हे मला दिसत होतं. पुढची वीस वर्षं त्यांना माझ्या शेजारी राहायचं होतं, माझ्या आईकडे विस्तव मागायला यायचं होतं, माझ्या लग्नात मला हळद लावायची होती. ते सगळं त्यांनी केलंही.

"हो, मावशी," मी म्हणालो. "ब्रश होता तोंडात."

"मंग," त्या म्हणाल्या, आणि टोपली उचलून निघाल्या.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. बाबाही गेले. मला ओळखणाऱ्यांपैकी आता कुणालाच हे ठाऊक नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. त्या दिवशी मी शिडीवर होतो, एका अक्षराला शेवटचा हात देत होतो, आणि त्या कामाला एकच ब्रश लागत होता. तो माझ्या उजव्या हातात होता.